डीआयसी : टोकियोतला १९०८ चा शाईचा कारखाना जगात एक नंबर कसा झाला?

कोरा_कागद

मंडळी, एक प्रश्न बरेच दिवस डोक्यात घोळतोय. छपाईचा इतिहास वाचायला घेतला की खिळे (म्हणजे छपाईची धातूची अक्षरं), मशिनं, कागद, प्लेटा यांच्यावर पानंच्या पानं असतात आणि शाईवर दोन ओळी येऊन विषय संपतो. मला उलटं वाटतं, शेवटी कागदावर जे उरतं ती शाईच ना.

तर जपानची डीआयसी कंपनी, आधीचं नाव दाइनिप्पोन इंक अँड केमिकल्स. १९०८ साली किजुरो कावामुरा या माणसाने टोकियोत सुरू केलेला एक छोटा शाईचा कारखाना, आणि आज छपाईच्या शाईत ही कंपनी जगात सगळ्यात मोठी. जपानचं गाडी, कॅमेरा, टीव्ही वगैरे समजतं, पण शाई? अमेरिकेतली सन केमिकल ही शाई कंपनी पण यांचीच आहे हे कळल्यावर तर मी उडालोच. हे नेमकं कसं झालं? शाई चांगली होती म्हणून, की पैसा होता म्हणून, की अजून काही? शिवाय दाइनिप्पोन प्रिंटिंग नावाची जी अवाढव्य छपाई कंपनी आहे तिचं आणि यांचं काही नातं आहे का? आणि त्यांचं ते चित्रांचं म्युझियम बंद झालं त्याची काय भानगड? कोणी या धंद्यातलं असेल तर जरा सविस्तर सांगा, घाई नाही.

रोलरमिल

शाईच्या लॅबमध्ये आयुष्य गेलंय त्यामुळे हा धागा बघून राहवलं नाही. मोठं लिहितोय, सांभाळून घ्या.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, छपाईची शाई म्हणजे रंगीत पाणी नाही. तिच्यात मुख्य दोन वस्तू, एक पिगमेंट म्हणजे रंगाची न विरघळणारी बारीक पूड, आणि दुसरं व्हेइकल म्हणजे ती पूड धरून ठेवणारं, कागदावर नेऊन बसवणारं चिकट माध्यम. जुन्या काळी हे माध्यम म्हणजे जवसाचं तेल उकळून उकळून घट्ट केलेलं वार्निश आणि त्यात राळ. नंतर त्याची जागा कारखान्यात बनवलेल्या रेझिनने घेतली. डीआयसीचा सगळा इतिहास तुम्ही या दोन वस्तूंच्या मागे मागे जाऊन वाचू शकता, माझ्या मते दुसऱ्या कुठल्या बाजूने तो नीट कळतच नाही.

जपानमध्ये शाई नवीन नव्हती, काजळी आणि सरस यांची पाण्यातली शाई शतकानुशतकं होती आणि लाकडी ठोकळ्यावरून हाताने घासून छापायला ती उत्तमच. पण धातूच्या खिळ्यावर पाण्याची शाई सारखी पसरत नाही, ठिपके ठिपके होऊन बसते. मेइजी काळात (१८६८ ते १९१२) धातूचे खिळे आले, १८७१ च्या जानेवारीत योकोहामा माइनिची हे पहिलं जपानी दैनिक निघालं, तेव्हा तेलाची शाई हवी झाली आणि ती सुरुवातीला बाहेरूनच यायची. मग रशिया-जपान युद्ध झालं १९०४-०५ ला, लोकांना रोजच्या बातम्यांची चटक लागली, वर्तमानपत्रांचा खप वाढला, मासिकं वाढली. कावामुरांनी १९०८ च्या फेब्रुवारीत कारखाना काढला तो या लाटेच्या वर. म्हणजे मागणी होतीच, ते पहिलेही नव्हते.

वेगळेपण पुढे दिसतं. १९२५ साली त्यांनी ऑरगॅनिक पिगमेंट स्वतः बनवायला घेतलं, बाहेर विकायला नाही, स्वतःच्या शाईसाठी. हे ऐकायला साधं वाटतं पण शाईवाल्यासाठी ही फार मोठी उडी आहे. का ते सांगतो. पिगमेंट तयार होतं ते पाण्यात, गाळून काढल्यावर हातात येतो तो ओला गोळा, त्याला प्रेसकेक म्हणतात. तो वाळवला की कण एकमेकांना घट्ट चिकटून बसतात आणि मग ती पूड तेलात दळायला तीन रोलरच्या मिलवर मरणाची मेहनत. पण पिगमेंट तुमच्याच आवारात बनत असेल तर तो ओला गोळाच वार्निशबरोबर कणकेसारखं मळणाऱ्या मोठ्या यंत्रात घालता येतो. थोडा वेळ मळलं की डोळ्यांदेखत पिगमेंट पाणी सोडून तेलात शिरतं आणि स्वच्छ पाणी वेगळं होऊन वर येतं, ते ओतून टाकायचं. याला फ्लशिंग म्हणतात. वाळवणं वाचलं, दळणं कमी झालं आणि रंगाची चमक अशी मिळते की कोरड्या पुडीतून ती येणं कठीण. ते पाणी सुटताना बघणं हा आमच्या धंद्यातला सगळ्यात सुंदर क्षण आहे, कितीही वर्षं झाली तरी मी थांबून बघायचो.

१९३७ ला कंपनीचं नाव दाइनिप्पोन प्रिंटिंग इंक असं झालं. मग युद्ध. आणि युद्धानंतर दुसरी उडी, १९५२ साली अमेरिकेच्या रायखहोल्ड केमिकल्सबरोबर भागीदारीत जपान रायखहोल्ड नावाची कंपनी काढली, सिंथेटिक रेझिन बनवायला. म्हणजे पिगमेंट आधीच हातात होतं, आता व्हेइकलही हातात आलं. १९६२ ला ही भागीदारीतली कंपनी मूळ कंपनीत विलीन केली आणि तेव्हापासून नावात 'इंक अँड केमिकल्स' आलं. त्याच रेझिनवर पुढे रंग, प्लास्टिक, चिकटवणारे पदार्थ असा पसारा वाढला. तर तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर हे, शाई चांगली होती कारण शाईच्या आतल्या दोन्ही वस्तू त्यांच्या स्वतःच्या होत्या. पैशाचं नंतर आलं.

ओसाकावासी

रोलरमिल दादा, एकदम झकास लिहिलंत. मी बरीच वर्षं जपानात आहे, छपाईच्याच क्षेत्रात, म्हणून थोडी भर.

डीआयसी आज मोठी असली तरी तिथल्या शाईच्या इतिहासात ती वयाने तिसरी म्हणा. साकाता, जी आज साकाता इंक्स म्हणून ओळखली जाते, ती १८९६ ला ओसाकात सुरू झाली ती वर्तमानपत्राची शाई बनवायला. ओसाका हे तेव्हा वर्तमानपत्रांचं माहेरघर, आसाही १८७९ ला इथेच निघालं, ओसाका माइनिची १८८८ चं, त्यामुळे शाईवाला इथे उभा राहिला यात आश्चर्य नाही. त्याच १८९६ ला टोकियोत कोबायाशी यांचं शाईचं दुकान निघालं आणि १९०७ ला त्याची तोयो इंक कंपनी झाली. २०२४ च्या जानेवारीपासून तोयोने नावच बदललंय, आता आर्टिएन्स. नावातून शाई गेली, हे मला मनापासून लागलं. डीआयसीनेही शंभर वर्षं झाली तेव्हा २००८ ला नुसती तीन अक्षरं ठेवली. कंपन्यांची बाजू कळते, शाईच्या पलीकडे त्यांचा बराच धंदा आहे, तरी.

आता दाइनिप्पोन प्रिंटिंग. दोन वेगळ्या कंपन्या आहेत, नाव सारखं वाटतं एवढंच. ती छपाई करणारी कंपनी, १८७६ च्या शूएइशापासून सुरू झालेली आणि १९३५ ला दुसऱ्या एका छापखान्याशी एकत्र होऊन आजच्या नावाला आली. ती छापते, ही शाई बनवते. इथे नवीन येणाऱ्या प्रत्येकाचा हा घोळ होतो.

आणि एक राहून जातं ते म्हणजे सरकार. इटलीहून एदोआर्दो किओसोने नावाचा खोदकाम करणारा कारागीर १८७५ ला टोकियोत सरकारी छापखान्यात आला आणि नोटा, तिकिटं यांचं काम त्याने तिथल्या लोकांना शिकवलं. नोटांसाठी लागणारी शाई तो सरकारी छापखाना आजही स्वतः बनवतो, खाजगी कंपनीकडून तयार डबे घेत नाही. २०२४ च्या जुलैत नव्या नोटा आल्या त्याही त्याच परंपरेतल्या. त्यामुळे जपानी शाई म्हटलं की नुसत्या कंपन्यांचा इतिहास पुरत नाही.

कोरा_कागद

वा, फ्लशिंगबद्दल पहिल्यांदाच ऐकतोय आणि नात्याचा प्रश्नही सुटला. पण मला अजून ती मोठी उडी कळली नाही. १९६२ ला एक चांगली जपानी केमिकल कंपनी, आणि पंचवीस वर्षांत अमेरिकेतली सगळ्यात मोठी शाई कंपनी यांच्या खिशात, हे मधलं काय?

आकडेमोड

हे मधलं मी सांगतो, हा भाग माझ्या आवडीचा.

पहिली खरेदी घ्या १९७९ ची, पॉलिक्रोम नावाची अमेरिकन कंपनी, ऑफसेटच्या (प्लेटवरून शाई रबरावर आणि तिथून कागदावर, अशा छपाईच्या) प्लेटा बनवणारी. ती घेतल्यावर अमेरिकेत पाय रोवला गेला. तेव्हा किजुरो यांच्या घराण्यातली तिसरी पिढी, शिगेकुनी कावामुरा, कंपनीचे अध्यक्ष होते आणि त्यांची नजर बाहेरच होती.

मग १९८५ चा सप्टेंबर. प्लाझा करार झाला, डॉलर मुद्दाम उतरवायचं ठरलं. डॉलरला साधारण २४० येन होते ते वर्ष-सव्वा वर्षात १६० च्या आसपास आले. म्हणजे जपानी कंपनीच्या डोळ्यांनी बघितलं तर अमेरिकेतली प्रत्येक वस्तू एक तृतीयांश स्वस्त झाली, आणि त्याच वेळी जपानातून माल निर्यात करणं तेवढंच महाग. शाई तशीही दूर पाठवायची वस्तू नाही, जड असते, छापखान्याला उद्या हवी असते आणि तिथल्या पाण्याला, कागदाला, मशीनला जुळवून द्यावी लागते. म्हणून शाईत परदेशी जायचं तर तिथला कारखाना आणि तिथली माणसं घ्यावीच लागतात. १९८६ च्या शेवटी डीआयसीने सन केमिकलचा ग्राफिक आर्ट्सचा धंदा घ्यायचं ठरवलं, साधारण ५५ कोटी डॉलर. सन केमिकल हे नावही त्यांच्याकडेच आलं, विकणाऱ्या मूळ कंपनीला स्वतःसाठी सिक्वा असं नवीन नाव घ्यावं लागलं.

आणि लगेच १९८७ ला रायखहोल्ड. हो तीच, जिच्याकडून १९५२ ला रेझिन शिकले. हे मात्र गोडीगुलाबीने झालं नाही, रायखहोल्डच्या संचालकांचा विरोध होता, डीआयसीने थेट भागधारकांकडे जाऊन भाव वाढवत वाढवत शेअरला ६० डॉलर दिले आणि कंपनी घेतली. त्या काळात एखाद्या जपानी कंपनीने अमेरिकेत असं विरोध मोडून कंपनी घेणं ही फार दुर्मिळ गोष्ट होती, तिथल्या पेपरांत बरीच चर्चा झाली. पस्तीस वर्षांत शिष्याने गुरूचं घर विकत घेतलं.

१९९९ ला फ्रान्सच्या तोताल गटाकडून कोट्सचा शाईचा धंदा घेतला. यात ब्रिटनची १८७७ ची कोट्स आणि फ्रान्सची १८१८ ची लोरिये, दोन्ही आल्या. सन केमिकलची एक मुळी १८३० पर्यंत जाते. म्हणजे १९०८ ला जन्मलेल्या कंपनीच्या पोटात तिच्यापेक्षा कितीतरी जुनी तीन घराणी. लोरिये निघाली तेव्हा तर मेइजी जपानला शाई बाहेरून आणावी लागण्याचा प्रसंगही यायचा होता.

आता दुसरी बाजूही लिहितो, नाहीतर गोष्ट अर्धी राहील. रायखहोल्ड टिकली नाही. २००५ ला तिच्याच व्यवस्थापनाला ती विकून टाकली. कोडॅकबरोबर १९९८ ला प्लेटांची भागीदारी केली होती तीही २००५ ला कोडॅकला देऊन टाकली. माझं स्पष्ट मत आहे की सन केमिकल हा शतकाचा सौदा होता आणि रायखहोल्ड हा भावनेचा सौदा होता. एक शाईच्या धंद्यात नीट बसली, दुसरी बसली नाही.

रोलरमिल

आकडेमोड, आकडे बरोबर आहेत पण भावनेचा सौदा हे मला पटत नाही. १९८७ ला शाईवाल्याने रेझिनवाला विकत घेणं हे पूर्ण तर्काला धरून होतं. ऑफसेटची शाई रेझिनवर उभी असते हो. मशीनवर शाईबरोबर सतत पाणी फिरत असतं, शाईने ते थोडं पोटात घ्यायचं पण फुटायचं नाही, रोलरवर सुकायचं नाही आणि कागदावर पडली की लगेच बसायचं, या सगळ्याचा तोल राळेपासून बनवलेलं फेनॉलिक रेझिन सांभाळतं. रेझिन बदललं की सगळं बदललं.

आणि हे ज्याला पुस्तकी वाटतं त्याने २०११ आठवावं. मार्चचा भूकंप झाला, पूर्व किनाऱ्यावर इशिनोमाकीची कागदाची मोठी मिल त्सुनामीत गेली हे सगळ्यांना माहीत. पण शाईचं संकट आलं ते दुसरीकडून. चिबा भागातला मारुझेन पेट्रोकेमिकलचा कारखाना बंद पडला. तिथे डायआयसोब्युटिलीन नावाचं एक रसायन बनायचं. त्यापासून ऑक्टिलफेनॉल, ऑक्टिलफेनॉलपासून ते फेनॉलिक रेझिन, आणि त्या रेझिनपासून ऑफसेटची शाई. तीन पायऱ्या मागे एका ठिकाणी उत्पादन थांबलं आणि देशभरचे शाईवाले एकदम अडचणीत, त्यांच्या संघटनेला शाई कमी पडणार म्हणून जाहीर करावं लागलं. छापखान्यात उभ्या असलेल्या माणसाला त्या रसायनाचं नावही माहीत नसतं, आणि त्याच्यावाचून त्याचा डबा रिकामा. अशा वेळी सगळ्या कंपन्यांची लॅब रात्रंदिवस एकच काम करते, दुसऱ्या कच्च्या मालाची रेझिनं घेऊन शाई बनवायची, गेजवर ओढायची, मशीनवर चालवून बघायची.

गेज म्हणजे काय तेही सांगतो. स्टीलचा एक जाड ठोकळा असतो, त्यात एक खाच, एका टोकाला २५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) खोल आणि दुसऱ्या टोकाला शून्यावर येणारी. खोल बाजूला शाईचा थेंब ठेवायचा आणि पोलादी पट्टीने एका दमात ओढत न्यायचा. जिथे शाईत बारीक रेघोट्या दिसायला लागतात तिथला आकडा वाचायचा, तेवढ्या जाडीचे कण अजून दळायचे राहिलेत. उजेडाकडे तिरकं धरून लगेच वाचावं लागतं. जपानी लॅबमधले लोक हे काम ज्या शांतपणे करतात ते बघण्यासारखं असतं, हात जरासुद्धा हलत नाही.

निशिगंधा

मी डिझायनर आहे, शाई कशी बनते ते मला या धाग्यावरच कळतंय, पण डीआयसी आमच्या टेबलावर वेगळ्या रूपात असते आणि ते इथे कोणीच लिहिलं नाही म्हणून.

डीआयसी कलर गाइड. १९६८ पासून निघतं. जपानमध्ये कुठल्याही डिझाइन स्टुडिओत जा, रंगाचा नंबर सांगायचा तर बहुतेक वेळा हाच. पॅन्टोन ही रंगांना नंबर देणारी अमेरिकन पद्धत सगळ्या जगाला माहीत आहे, ती १९६३ ची, पण जपानी छापखान्याशी बोलताना डीआयसीचा नंबर दिला की समोरचा निवांत होतो. लांब अरुंद पट्ट्यांचे गठ्ठे असतात, प्रत्येक पट्टीवर एकच रंग आणि त्या पट्टीलाच छोटे तुकडे फाडून घ्यायची सोय. तुकडा फाडायचा, आर्टवर्कला चिकटवायचा, छापखान्याला पाठवायचा. तिकडचा शाई मिसळणारा माणूस तो तुकडा छापलेल्या कागदाशेजारी ठेवून बघतो, बास. फोनवर कितीही वर्णन करा, 'थोडा मातकट लाल' म्हणजे प्रत्येकाचा वेगळा असतो, फाडलेला तुकडा मात्र दोघांकडे एकच.

आणि माझा सगळ्यात लाडका गठ्ठा म्हणजे त्यांचा जपानच्या पारंपरिक रंगांचा. फ्रान्सचा आणि चीनचाही आहे, पण जपानचा बघताना मी तासन्तास हरवते. जुन्या वस्त्रांचे, वनस्पतींचे, ऋतूंचे रंग आहेत, आणि ते आजच्या ऑफसेटच्या शाईत छापता येतील असे जुळवलेले. एखाद्या शाई कंपनीने विक्रीसाठी काढलेली गोष्ट एका देशाच्या रंगांची नोंदवही होऊन बसावी, मला याचं फार अप्रूप आहे. रंगांचं कौतुक करणाऱ्या लोकांनीच ते काम केलंय हे पट्टीपट्टीतून दिसतं.

एक विचारायचं होतं, वर्तमानपत्रं तर कमी होतायत, मग एवढी शाई जाते कुठे?

ओसाकावासी

निशिगंधा ताई, खरंय, कमी नाही, कोसळलीयत. जपानात १९९७ च्या सुमारास रोज साधारण ५ कोटी ३७ लाख प्रती निघायच्या, २०२३ ला त्या २ कोटी ८६ लाखांच्या आसपास. जवळजवळ निम्म्या. सकाळी दाराशी पेपर पडणं ही इथली एके काळची पक्की सवय, ती आता म्हाताऱ्या माणसांपुरती राहत चाललीय.

शाई जाते पॅकिंगला. इथल्या कुठल्याही दुकानात बघा, प्रत्येक खाऊ प्लास्टिकच्या पातळ फिल्मच्या पाकिटात आणि त्यावर इतकं बारीक रंगीत काम. ते बहुतेक ग्रॅव्ह्युअरने म्हणजे कोरलेल्या सिलिंडरवरून छापतात, त्याची शाई अगदी पातळ, सॉल्व्हंटमधली (उडून जाणाऱ्या द्रावकातली), एका क्षणात उडून सुकणारी. १९६८ ला बॉन करी बाजारात आली, पाकिटातच शिजवून निर्जंतुक केलेली, उकळत्या पाण्यात टाकून गरम करायची. अशी पाकिटं कारखान्यात १२० अंशाच्या आसपास वाफेत ठेवतात, मग त्यावरची आणि थरांच्या मधली शाई सुटता कामा नये, अन्नात काही उतरता कामा नये. शाईवाल्यांना हे सगळं नव्याने शिकावं लागलं. त्याच सुमारास जपानमध्ये पीसीबी या विषारी रसायनामुळे मोठी घबराट झाली होती, आणि १९७३ पासून शाई बनवणाऱ्यांच्या संघटनेने स्वतःहूनच यादी केली की अन्नाच्या पाकिटाच्या शाईत अमुक पदार्थ वापरायचेच नाहीत. कायद्याने सांगायची वाट बघितली नाही. पुढे टोल्युइन हे उग्र द्रावक काढून टाकलेल्या शाया आल्या, आता पाण्यातल्या येतायत. मशीनवर उभं राहणाऱ्याच्या नाकाशी जे येतं त्याचा विचार यात आहे म्हणून मला हा भाग सगळ्यात मोलाचा वाटतो, कंपन्या विकत घेण्याच्या बातम्यांपेक्षाही.

आकडेमोड

पॅकिंगबरोबर पिगमेंटही लिहा. टीव्ही आणि मोबाइलच्या एलसीडी पडद्यात लाल, हिरवा, निळा असे बारीक चौकोन असतात, त्यातला हिरवा पिगमेंट जगभर मोठ्या प्रमाणात डीआयसीचा. आणि २०२१ च्या जूनअखेर त्यांनी जर्मनीच्या बीएएसएफ या रसायन कंपनीचा अख्खा पिगमेंटचा धंदा घेतला, १.१५ अब्ज युरोला. या सौद्याला अमेरिकेत मक्तेदारी तपासणाऱ्या खात्याने अट घातली आणि साउथ कॅरोलायनातला बुशी पार्कचा कारखाना त्यांना विकावा लागला.

पण लागलीच युरोपात मंदी, ऊर्जा महाग, आणि २०२३ ला त्या धंद्याची किंमत हिशोबात खाली आणावी लागली, कंपनीला जवळपास ४० अब्ज येनचा तोटा झाला. म्युझियमचा प्रश्न विचारलाय ना कोरा_कागद यांनी, तो इथून सुरू होतो.

कोरा_कागद

हो हो, ते सांगाच. मला वाटलं होतं म्युझियम म्हणजे शाईचं असेल.

ओसाकावासी

शाईचं नाही, चित्रांचं. कावामुरा मेमोरियल डीआयसी म्युझियम, चिबातल्या साकुरा गावात, कंपनीच्या संशोधन केंद्राला लागूनच, १९९० ला उघडलं. दुसऱ्या पिढीचे कात्सुमी कावामुरा यांना चित्रांचं वेड होतं, त्यांनी जमवलेलं. मी गेलोय तिथे. स्टेशनवरून बस, मग झाडी, तळं, आणि आत रेम्ब्रांटचं १६३५ चं रुंद हॅटवाल्या माणसाचं चित्र, मोने, आणि एक स्वतंत्र खोली जिच्यात मार्क रॉथकोची सात मोठी चित्रं चहूबाजूंनी. मुळात न्यूयॉर्कच्या सीग्रॅम इमारतीतल्या रेस्टॉरंटसाठी काढलेली मालिका, पुढे ती लंडन, वॉशिंग्टन आणि इथे अशी विभागली गेली. काळपट लाल, मरून, त्यावर अजून गडद थर. त्या खोलीत उभं राहिलं की बोलायचं सुचत नाही. पिगमेंट आणि व्हेइकलवर उभ्या असलेल्या कंपनीकडे ही चित्रं असणं मला अगदी योग्य वाटायचं.

२०१३ ला बार्नेट न्यूमनचं एक प्रचंड लाल चित्र विकलं, १०.३ अब्ज येनला, तेव्हाच पाल चुकचुकली होती. मग २०२४ च्या ऑगस्टमध्ये कंपनीने म्युझियमचा फेरविचार करत असल्याचं जाहीर केलं. हाँगकाँगचा एक गुंतवणूकदार फंड भागधारक म्हणून मागे लागला होता की एवढी मालमत्ता नुसती भिंतीवर का. बातमी आल्यावर लोकांची अशी रीघ लागली की जानेवारीत बंद करायचं होतं ते मार्चअखेरपर्यंत ढकललं. साकुरा गावाने सह्यांची मोहीम काढली. २०२५ च्या ३१ मार्चला बंद झालं. रॉथकोची चित्रं मात्र विकायची नाहीत असं ठरलं, ती टोकियोत रोप्पोंगीच्या इंटरनॅशनल हाउस ऑफ जपानमध्ये जाणार, आणि कंपनीच्या मालकीच्या ३८४ कामांपैकी साधारण शंभर ठेवून बाकीची विकायची.

आकडेमोड

मी भागधारकांच्या बाजूने बोलणार हे तुम्हाला अपेक्षितच असेल. तोट्यातल्या कंपनीने आधी कारखाने आणि माणसं वाचवावीत, चित्रं नंतर. त्या चित्रांची हिशोबातली किंमत ११.२ अब्ज येन होती आणि बाजारातली त्याच्या कितीतरी पट. हा पैसा कर्ज फेडायला लागला तर त्यात गैर काय?

निशिगंधा

गैर काही नाही पण मला पटत नाही. कलर गाइड कोणी का विकत घेतं? कारण त्या लोकांना रंग कळतो यावर आपला भरवसा असतो. तो भरवसा ताळेबंदात कुठल्या रकान्यात बसतो? साकुरातल्या शाळेतली मुलं त्या खोलीत बसून चित्रं बघायची, ती आता टोकियोला जाऊन बघणार का? गावाच्या दृष्टीने बघा ना.

रोलरमिल

दोघांचंही ऐकलं. मी लॅबवाला माणूस, मला चित्रं विकली याच्यापेक्षा शेजारचं संशोधन केंद्र चालू आहे याचं जास्त आहे. जाता जाता एक गोष्ट जी बहुतेकांना माहीत नसते. डीआयसी १९७० च्या दशकापासून स्पिरुलिना वाढवते. हिरवं निळं सूक्ष्म शेवाळ, कॅलिफोर्नियाच्या इम्पिरियल व्हॅलीत उघड्या तलावांत, अर्थराइज नावाच्या कंपनीतर्फे. त्यातून खाण्याचा निळा रंग काढतात, लीना ब्लू. निसर्गातून खाण्याचा निळा रंग मिळणं फार अवघड आहे, लाल पिवळ्याला चिकार पर्याय आहेत, निळ्याला नाहीत. तो उष्णतेला आणि आंबट पदार्थाला टिकत नाही, म्हणून गोळ्या, आइस्क्रीम अशा ठिकाणीच नीट चालतो. टिकवायचा कसा यावर अजून काम चाललंय.

कोरा_कागद, तुम्हाला अजून काही हवं असेल तर उष्णतेवर सुकणाऱ्या आणि यूव्हीवर सुकणाऱ्या शायांबद्दल वेगळा धागा काढा, तिथे लिहितो. इथे मावणार नाही.